ओढण्या जोडून ओढा पार केला, सगळे सुखरूप आले, मग चुकलं कुठं?

आधी पत्र देते, थोडं छोटं केलंय.

"ताई, मी सोलापूरचाच, वय २७. आठवडाभर चादरीच्या दुकानात हिशेब बघतो आणि महिन्यातनं एक-दोन रविवार आमच्या ग्रुपचे ट्रेक नेतो. जुलैमध्ये घाटातल्या एका किल्ल्यावर २२ जणांना घेऊन गेलो होतो, सोबत एक नवीन को-लीडर मुलगी. उतरताना पाऊस वाढला आणि सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा मांडीपर्यंत आलेला. साडेचार वाजलेले, पलीकडे टेम्पो ट्रॅव्हलर उभी, ड्रायव्हरनं सकाळीच सांगितलेलं सहाच्या पुढं थांबायला लावलं तर जास्तीचे पैसे लागतील, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कामावर जायचं होतं. आमच्याकडं २० मीटरची दोरी होती ती पुरंना, म्हणून पोरींच्या तीन ओढण्या जोडल्या. एक पोरगा चांगला पोहतो, त्याच्या कमरेला दोरी बांधून त्याला पलीकडं पाठवला, त्यानं झाडाला बांधली, मग एकेक जण धरून आले. को-लीडर म्हणत होती थांबू, पण ती नवीन आहे. मी 'थांबा, मी सांगतो' म्हणेपर्यंत दोन पोरं आधीच पाण्यात उतरली होती, त्यांना ओरडून मागं घेतलं. सगळे सुखरूप आले. एकानं रील टाकलं, लई चाललं, लोक म्हणाले लीडर असावा तर असा. पण ज्यांनी वीस वर्षांपूर्वी ग्रुप सुरू केला ते काका भयंकर चिडले. दोन महिने मला ट्रेक नेऊ दिला नाही आणि आता नियम काढलाय, प्लॅनमध्ये काहीही बदल करायचा तर आधी काकांना फोन. ताई मला आतून आलं ते मी केलं आणि जमलं. मी चुकलो का? का लीडरनं डोकं चालवायचंच नाही? एक नाराज ट्रेक लीडर."

बाळा, पत्र तीनदा वाचलं. तुला खरं सांगते, ते कमरेला दोरी बांधल्याचं वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला, म्हणून आधी तेवढंच बोलते, बाकीचं नंतर.

वाहत्या पाण्यात उतरणाऱ्या माणसाला दोरीला बांधायचं नाही. धरायला दोरी देणं वेगळं आणि बांधणं वेगळं. त्याचा पाय घसरला असता तर काय झालं असतं बघ: दोरी ताणली जाते, पाणी मागून रेटत राहतं, आणि ताणलेल्या दोरीच्या टोकाला अडकलेला माणूस वर येत नाही, खाली दाबला जातो. तुम्ही काठावरनं ओढणार तर तेही प्रवाहाच्या उलट, म्हणजे जेवढं ओढाल तेवढं पाणी त्याच्या तोंडावर. गाठ ओली होऊन आवळलेली, ती त्याला सुटणार नाही, तुला सोडवता येणार नाही. पोहता येणाऱ्या पोराचं पोहणंच तू त्या दोरीनं काढून घेतलंस. सुटा असता तर निदान वाहत खाली जाऊन काठाला लागायची संधी तरी होती. आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला की धक्का दुप्पट नाही, चौपट होतो, म्हणून सकाळी ज्या ओढ्यात उभं राहून फोटो काढले त्याच जागी संध्याकाळी माणूस उभा राहू शकत नाही. ओढण्यांचं तर काय सांगू, गुळगुळीत कापड, ओलं, त्यात गाठ. चांगल्या दोरीचीसुद्धा गाठीमुळं ताकद बरीच कमी होते, ही तर ओढणी, आणि २२ जण एकामागोमाग तिच्यावर भार टाकत आले.

तर हो, चुकलं. पण तू विचारतोयस त्या अर्थानं नाही. डोकं चालवलंस हे चुकलं नाही. डोंगरात प्लॅन मोडतोच, पावसाला तुझं शेड्यूल माहीत नसतं, आणि जो लीडर कागदावरच्या प्लॅनला चिकटून बसतो तो पण माणसं अडचणीत घालतो. माझं म्हणणं एवढंच की ऐन वेळी जे सुचतं ते ऐन वेळी तयार झालेलं नसतं. ते आधीच कुठंतरी शिजलेलं असतं, तुझ्या सरावात, पाठीवरच्या सामानात, सकाळच्या बोलण्यात, ग्रुपच्या स्वभावात. ओढ्याच्या काठावर पोचलास तेव्हा तुला काय सुचू शकतं आणि काय नाही हे बऱ्यापैकी ठरून गेलं होतं.

तू लिहिलंस "आतून आलं". हे मला महत्त्वाचं वाटतं कारण मीसुद्धा कित्येक वर्षं हेच म्हणायचे. गॅरी क्लाइन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आग विझवणाऱ्या दलाच्या प्रमुखांशी बोलून अभ्यास केला होता, की एवढ्या घाईत हे लोक निर्णय घेतात कसा. तर ते चार पर्याय समोर मांडून तुलना करत बसतच नाहीत, त्यांना समोरची परिस्थिती ओळखीची वाटते, त्यासोबत एक उपाय डोक्यात येतो, तो मनात एकदा चालवून बघतात आणि करतात. ते जे आतून येतं ते शेकडो आगींतून आलेलं असतं. आता तू मला सांग, पूर आलेले ओढे तू आजवर किती पार केलेस? कुणी जाणकार काठावर उभा आहे आणि तुझं चुकलं तर सांगतोय, असं किती वेळा? तुझ्या पत्रावरनं मला वाटतं एकदाही नाही. मग जे आतून आलं ते कुठनं आलं असेल? कुठल्यातरी व्हिडिओतनं, सिनेमातनं, कमरेला दोरी बांधून नदी ओलांडणारा हिरो आपण सगळ्यांनीच पाहिलाय. आतला आवाज खरा आहे का खोटा हे त्याच्या जोरावरनं कळत नाही, तो कशावर पोसलाय त्यावरनं कळतं.

आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची काठी पेलणाऱ्यांना लहानपणापास्नं बघतोयस ना. एवढा उंच, एवढा जड, गर्दी रेटते, वारा येतो, ध्वज जरा कलला की खालचा माणूस अर्धं पाऊल सरकवतो, खांदा देतो आणि सावरतो. बघणाऱ्याला वाटतं ऐन वेळचं आहे, आणि आहेच ते ऐन वेळचं, तो कलणार कधी हे कुणाला माहीत असतं? पण त्या अर्ध्या पावलासाठी यात्रेच्या आधी कित्येक दिवस सराव चालतो, आणि बाजूला उभ्या असलेल्या माणसाला न सांगता कळतं की आता हात द्यायचाय. तुझ्या दोरीला असा सराव नव्हता. पार्क चौकातल्या मैदानावर, कोरड्या जमिनीवर एकदा तरी ती २० मीटरची दोरी तुम्ही टाकून बघितली होती का?

आता माझं एक सांगते म्हणजे हातात काय असतं आणि काय सुचतं यांचा संबंध कळेल. मार्च संपत आला होता, शाळेची ४० मुलं घेऊन मी नळदुर्गला होते. आपल्याकडचं ऊन तुला सांगायला नको, चाळीशीला टेकलेलं. उपळ्या बुरुजावरनं उतरताना एक मुलगी पायरीवर बसली ती उठेचना, चेहरा लाल, अंग भट्टीसारखं, आणि नाव विचारलं तर भलतंच काहीतरी बोलायला लागली. बरळणं सुरू झालं म्हणजे नुसता थकवा नाही, उष्माघात, हे मला शिकवलेलं होतं. आधी अंग गार करायचं, गाडीची शोधाशोध त्यासोबत, नंतर नाही. प्लॅनप्रमाणं पाणी गाडीत होतं, गाडी लांब. पण त्या दिवशी निघताना मी दोन जार जास्तीचे घेतले होते आणि गड बघायला सुरुवात करतानाच तिथल्या रखवालदाराशी बोलून ते आत सावलीत ठेवून घेतले होते. तर तिला उचलून त्या सावलीच्या खोलीत नेली, अख्खा जार कपड्यांवर ओतला, चार मुलींना ओढण्या झटकून वारा घालायला लावलं, दुसरा जार थोडा थोडा करत ओतत राहिलो, तोवर रखवालदारानं गाडी दारापर्यंत आणली. दवाखान्यात पोचेपर्यंत ती मला बाई म्हणून हाक मारायला लागली होती.

लोकांनी माझं कौतुक केलं, प्रसंगावधान वगैरे. पण खरं श्रेय त्या दोन जारांचं आणि सकाळी रखवालदाराशी पाच मिनिटं बोलले त्याचं. ते नसतं तर माझ्या प्रसंगावधानानं काय केलं असतं? जास्तीचं पाणी, जास्तीचा वेळ, जास्तीचा माणूस, ओळखीचा गाववाला, हे सगळं ओझं वाटतं, खर्च वाटतो, आणि तेवढ्याच जागेत लीडरला हातपाय हलवता येतात. तुझ्याकडं तो वेळच नव्हता. सहा वाजायच्या आत पलीकडं जायचं हे ड्रायव्हरनं सकाळीच ठरवून टाकलेलं आणि तू ते मान्य करून चालायला लागलास. जास्तीचे तास धरूनच गाडी ठरवली असती तर काठावर उभं राहून तुला वेगळं काही दिसलं असतं.

काय दिसलं असतं? तूच पत्रात पुढं लिहिलंयस (मी छापताना ते गाळलं) की उतरताना अर्ध्या तासावर धनगरवाड्यात तुम्ही सगळ्यांनी चहा घेतला. अरे मग छप्पर होतं, चूल होती, माणसं होती. घाटातले छोटे ओढे जेवढ्या झटक्यात चढतात तेवढ्याच झटक्यात, पाऊस थांबला की दोन-चार तासांत उतरतात. पाण्याच्या कडेला एक काठी रोवायची आणि बघत बसायचं, पाणी काठीच्या वर जातंय का खाली. पाणी मातकट व्हायला लागलं, काटक्या पाला वाहून यायला लागला तर अजून वाढणार. रात्र काढावी लागली असती कदाचित, सोमवारचा खाडा झाला असता, घरच्यांच्या शिव्या बसल्या असत्या. हा उपाय साधा आहे म्हणून सुचत नाही. लीडरला वाटतं काहीतरी केलं पाहिजे, सगळे माझ्याकडं बघतायत. थांबणं पण करणंच आहे, आणि ते केव्हाही मागं घेता येतं. पोराला पाण्यात सोडल्यावर मागं घेता येत नाही. ऐन वेळी काही नवीन करायचं तर मी स्वतःला हेच पहिलं विचारते, हे फसलं तर परत फिरता येईल का? येत असेल तर खुशाल कर. येत नसेल तिथं नवीन काही नाही, जे शिकवलंय आणि शंभर वेळा केलंय तेवढंच.

आणि पार करायचंच असतं तरी तीच जागा का? तू लिहिलंयस (हेही छापताना गाळलं) की या वाटेनं पाचव्यांदा गेलो होतो. ओळखीची जागा फसवते. डोंगरावरनं कोसळणाऱ्या बर्फात, म्हणजे हिमस्खलनात, सापडलेल्या लोकांच्या अपघातांचा अभ्यास केलेल्या इयान मकॅमननं ज्या चकव्यांची यादी केली त्यात हा पहिलाच, जागा ओळखीची आहे म्हणून धोका कमी वाटतो. रुंद, सरळ, उथळ जागा शोधायची, खाली धबधबा किंवा मोठे दगड नाहीत अशी, बुटं घालूनच उतरायचं, सॅकचे पट्टे सैल, तीन-चार जणांनी एकमेकांना घट्ट धरून, हातात काठी. आणि जोराचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर विषय संपला, माघारी.

आता त्या दोन पोरांबद्दल, जी तू सांगायच्या आधी पाण्यात उतरली. तू ते एका ओळीत उरकलंस पण मला अख्ख्या पत्रात तेच सगळ्यात जास्त टोचलं.

१९४९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत मोंटानात मान गल्च नावाच्या घळीत वणवा लागला होता. पॅराशूटनं १५ जण उतरले, एक वनरक्षक येऊन मिळाला, म्होरक्या वॅग्नर डॉज. आग अचानक फिरली आणि गवताळ उतारावरनं त्यांच्या मागं चढायला लागली, माणसं पळतायत आणि आग त्यांच्यापेक्षा जोरात. डॉजनं काय केलं, पळता पळता थांबला, काडी ओढली आणि आपल्या पुढचंच गवत पेटवलं, ते जळून काळं झालं की त्या राखेत आडवा पडला, म्हणजे मागनं येणाऱ्या आगीला तिथं जळायला काही उरलंच नाही. सगळ्यांना हाका मारत होता, इकडं या म्हणून. एकही जण आला नाही. आगीच्या पुढं आग लावणारा माणूस वेडा झालाय असंच त्यांना वाटलं. १३ जण गेले. डॉज वाचला, आणि पळून कड्यावर पोचलेले दोघं वाचले. कार्ल वाइक नावाच्या अभ्यासकानं १९९३ मध्ये या घटनेवर लिहिलं ते आजही लीडरशिप शिकवताना वाचलं जातं. युक्ती बरोबर होती. पण तशी युक्ती त्यांच्या ट्रेनिंगमध्ये कधी आली नव्हती, त्या टीममधली माणसं एकमेकांसोबत फारशी राबलेली नव्हती, त्यामुळं म्होरक्याच्या डोक्यात काय आहे हे कुणाला कळलंच नाही.

म्हणजे नुसतं तुला सुचून भागत नाही, २२ जणांना ते त्याच क्षणी पटावं लागतं. ते पटणं सकाळी तयार होतं. निघताना गोल करून उभं करायचं आणि सांगायचं: आज आपण कुठं अडकू शकतो, ओढा वाढला तर आपण काय करणार, माझी शिट्टी तीन वेळा वाजली की जिथं आहात तिथं थांबायचं, आणि मी काही विचित्र करायला लागलो तर मला का म्हणून विचारायचं. दहा मिनिटं लागतात. तुम्ही त्या दहा मिनिटांत ग्रुप फोटो काढला असेल, सगळेच काढतात.

आणि ती को-लीडर. "पण ती नवीन आहे." नवीन होती म्हणूनच तिला ओढा जसा होता तसा दिसला, तुला पाचवेळचा ओढा दिसत होता. जिथं शिकाऊ माणसाचं थांबू ऐकलं जात नाही तिथं लीडर एकटा पडतो, आणि एकट्या डोक्याला भूक लागलेली असते, ते भिजलेलं असतं, सकाळी चारपासून जागं असतं. माझा नियम आहे, दोघांतल्या एकानं जरी नको म्हटलं तरी नको. हो म्हणायला दोघं लागतात.

आता काका. तुला राग आलाय, कळतं मला. पण त्यांची भीती समजून घे. राज्यानं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, नोंदणी, प्रशिक्षित माणसं, इमर्जन्सीची तयारी हे सगळं त्यात आलं, उद्या काही झालं तर पहिल्यांदा दार त्यांचं वाजणार. पण त्यांनी जो नियम काढलाय तो मला मान्य नाही, हे पण स्पष्ट लिहिते, ते वाचत असतील तर त्यांच्यासाठी. दरीत रेंज नसते. रेंज नाही तिथं फोन करून विचारा हा नियम म्हणजे लीडरला दोनच वाटा, एकतर हात बांधून उभा राहा नाहीतर गुपचूप कर आणि घरी येऊन बोलू नको. दुसरी वाट जास्त धोक्याची. मला माहीत आहे कारण मी ती चालले आहे. पंचवीस वर्षांपूर्वी रॅपलिंगच्या, म्हणजे दोरावरनं कडा उतरायच्या, एका शिबिरात ठरलेल्या झाडापाशी मधमाश्यांचं आग्यामोहोळ दिसलं, मी दमले होते, पोरं रांगेत उभी, मी अँकर, म्हणजे दोराचा आधार, एका मोठ्या दगडाला लावला, एकाच दगडाला, दुसरा बॅकअप नाही. तिसरा मुलगा उतरताना तो दगड बोटभर हलला. मी बघितला. त्या मुलाला खाली घेतलं आणि शिबिर थांबवलं, कारण सांगितलं मधमाश्या. सगळे म्हणाले बाईंनी काय सांभाळून घेतलं. तीन वर्षं मी कुणाला बोलले नाही, कारण आमच्याकडं चुकलं म्हणणाऱ्याला पुढच्या शिबिराला बोलवत नव्हते. त्या तीन वर्षांत आणखी कुणी एका दगडाला दोर लावला असेल तर त्याला सावध करू शकले असते ती मी एकटीच होते.

म्हणून काकांकडं जा, भांडायला नाही. त्यांना म्हण, काका मला त्या दिवसाचं सगळं पहिल्यापासनं सांगायचंय, मध्ये बोलू नका, आणि को-लीडरला पण बोलवा. मग तिघं मिळून कागदावर लिहा की आपल्या ग्रुपमध्ये कुठल्या गोष्टी कधीच बदलायच्या नाहीत, कुणी मंत्री आला तरी: अँकर, पाण्यात माणूस बांधणं, हेल्मेट, ग्रुप तोडणं. कुठल्या गोष्टी लीडर एकटा बदलू शकतो, जेवणाची जागा, वेग, परत फिरणं. परत फिरायला तर कुणालाच विचारायची गरज नाही असं मोठ्या अक्षरात लिहा, आणि गाडीचे जास्तीचे पैसे ग्रुप देईल हे पण त्याखाली. मधल्या गोष्टींना दोघांचं हो. हे फोनपेक्षा जास्त कामाचं आहे. आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत पोहणाऱ्या जाणकार माणसासोबत पाण्यातलं बचावकार्य शिकून घे, उत्तरकाशीच्या किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेतला बेसिक कोर्स डोक्यात असेल तर फॉर्म भर, महिनाभराची सुट्टी लागते, दुकानदाराला आत्तापासून सांगून ठेव.

एक काम मात्र काकांच्या आधी कर, आजच. ज्या पोराच्या कमरेला दोरी बांधलीस त्याला फोन कर. त्याला वाटतंय आपण त्या दिवशी भारी काम केलं, आणि केलंच, त्याच्या धाडसात काही खोट नाही. पण पुढच्या पावसाळ्यात तो मित्रांना घेऊन कुठंतरी जाईल, ओढा वाढलेला असेल, आणि तो लीडरनं शिकवलेलं करेल. त्याला सांग की बांधायचं नसतं, का नसतं तेही सांग, आणि ज्यानं रील टाकलंय त्याला ते काढायला लाव.